पौषातला रिपोर्ट

डॉक्टर मॅडमनी अर्पिताचा उजवा हात आपल्या हातात घेतला, बोटांचे सांधे एकेक करून दाबून पाहिले, मग तळहात उताणा केला आणि त्या थबकल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं पेरांपर्यंत हिरवट-काळी झाली होती. नखांच्या कडेला तर तो रंग पक्का बसला होता.

"हे कशानं गं?"

"मेहंदीचा पाला वाटला काल," अर्पिता म्हणाली. "आईसाठी."

ती इतकी सहज बोलली की शेजारी स्टुलावर बसलेला हिंमतराव तिच्याकडे बघतच राहिला. घरात मेहंदीचं पानही आलेलं नव्हतं. तो डाग टोमॅटोच्या झाडाचा होता. कोवळ्या शेंड्यांत हात घालून काम केलं की असा रंग चढतो आणि साबणानं काही जात नाही.

"उन्हात जात नाहीस ना?"

"नाही मॅडम."

"शाळेत, मैदानावर?"

"नाही. पीटीच्या तासाला मी वर्गातच बसते."

हे मात्र खरं होतं. त्यामुळं आधीचं खोटंही त्याच्या आड निभावून गेलं.

मॅडमनी समोरचा कागद पुन्हा ओढून घेतला. अवघड गोष्ट सांगायची असली की त्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत. तसा तो त्यांनी ठेवला.

"अर्पिताचे बाबा, मागच्या खेपेला सी-थ्री वर यायला लागलं होतं. आता परत खाली गेलंय. चांगलंच खाली. आणि डीएनएच्या विरुद्धची प्रतिद्रव्यं आपण मोजतो ना, ती वाढलीत. लघवीतून प्रथिनं जायला लागलीत."

हिंमतरावानं मान हलवली. उंद्रीत भाजीपाल्याचा मळा करणारा माणूस तो, पण वर्षभरात त्याला एवढं उमगलं होतं की सी-थ्री आणि सी-फोर हे अंगाच्या राखणीतले गडी. आजार चेतला की ते त्या भांडणात खर्ची पडतात, म्हणून रक्तात कमी दिसतात. ते खाली म्हणजे वाईट. डीएनएवालं मात्र वर म्हणजे वाईट. घरी गेल्यावर सत्यभामा दारातच विचारायची, वर गेलं का खाली, आणि दर वेळी त्याला सांगावं लागायचं, कोणतं ते तं विचार.

"गोळ्या वेळेवर आहेत, एकही चुकलेली नाही, ऊन नाही," मॅडम म्हणाल्या. "मग याचा अर्थ एवढाच की या गोळ्या पुरत नाहीत. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. आणि बहुतेक दर महिन्याला सलाइनमधून मोठं औषध. त्याचे त्रास आहेत. केस जातात, उलट्या होतात, साधा सर्दी-ताप महागात पडतो. तुम्ही जरा बाहेर बसा. सिस्टर आणखी थोडं रक्त घेतील, मग बोलू."

बाहेरच्या बाकावर गर्दी होती. रक्त देऊन आलेली अर्पिता कोपरात कापूस दाबून भिंतीशी बसली. हिंमतराव तिच्याशेजारी टेकला. दोघंही समोरच्या दारावरचा पडदा बघत होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सांगू नका न."

"अवं पण माय..."

"सांगतलं तं त्या बंद करतीन. मंग मी काय करू घरात? भिंतीकडं पाहू?"

"तुले सलाइन लावायचं म्हणून राह्यल्या त्या."

"लावू द्या."

आजार आला तेव्हा अर्पिता सातवीत होती. गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लाल चट्टा उठला. मळ्यात कामाला येणारी अंबूबाई म्हणाली, पित्त उठलं, कोकम लावा. कोकम लावलं. मग ताप यायला लागला, तोंड आतून सोलून निघालं, बोटं अशी सुजली की तिला पेन धरता येईना. चिखलीच्या डॉक्टरांनी बुलढाण्याला पाठवलं, बुलढाण्याहून इथं, संभाजीनगरच्या या मोठ्या दवाखान्यात. आजाराचं नाव ल्यूपस. मॅडमनी तो चित्र काढून समजावला होता. घरी येऊन हिंमतरावानं सगळं सांगितल्यावर सत्यभामा म्हणाली, "म्हणजे राखणीचं कुत्रं घरच्यालेच चावून राह्यलं." याहून नेमकं पुढं कुणालाच सांगता आलं नाही.

आणि ऊन म्हणजे त्या कुत्र्याला खडा मारणं. म्हणून ऊन बंद.

मळ्यातल्या पोरीला ऊन बंद म्हणजे काय, हे दवाखान्यात कळलं नव्हतं. घरी आल्यावर कळलं. शाळा सुटली की दप्तर ओट्यावर टाकून ती जी मळ्यात धावायची ती आईनं तीनदा हाका मारल्याशिवाय परतायची नाही. तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. अंबूबाईशी, विहिरीवरच्या मोटारीशी, वांग्याच्या झाडांशी, जे समोर येईल त्याच्याशी ती बोलायची. आता खिडकीला जुनं जाड लुगडं लागलं. ती पलंगावर बसून दारातून आत येणारी उन्हाची कड बघत राहायची. कड सरकत पलंगापाशी आली की पाय वर घ्यायची. औषधानं चेहरा सुजून गोल झाला. बोलणं कमी होत होत हो-नाहीवर आलं.

अशाच एका खेपेला संभाजीनगरहून परतताना देऊळगावराजाच्या अलीकडं हिंमतरावाला एसटीच्या खिडकीतून ती दिसली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडनेट, हिरव्या जाळीची मोठमोठी घरं, आत माणसं उभ्यानं काम करताना. त्यानं ती आधी शंभरदा पाहिली असतील. त्या दिवशी मात्र तो सीटवरून अर्धा उठला. त्यानं अर्पिताला कोपरानं ढोसलं.

"पाय. सावलीतलं वावर."

जाकीर हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, चिखलीत वेल्डिंगचं दुकान असलेला. त्यानं पाइप वाकवून दिले, स्वतः उभं राहून सांगाडा रोवला. वर हिरवी जाळी ताणली. आत टोमॅटो लावला, खायचा नाही, बियाणं काढायचा. बियाण्याच्या टोमॅटोला हातानं परागीकरण करावं लागतं. कळीचं तोंड चिमट्यानं उघडायचं, आतले पुंकेसर अलगद काढायचे, दुसऱ्या दिवशी त्याच फुलाला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. सगळे त्याला क्रॉसिंग म्हणतात. त्याला नजर तीक्ष्ण लागते आणि बोटं हलकी. अंबूबाईनं अर्पिताला चार दिवस शिकवलं आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "ही तं माह्याच पुढं गेली, बाप्पा."

लांब बाह्या, डोक्याला ओढणी, पायात मोजे. अर्पिता शाळेआधी एक तास आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत जाळीत असायची. आणि बोलायची. जाळीच्या बाहेर पाण्याचा पाट वळवत उभ्या असलेल्या हिंमतरावाला तिचा आवाज अखंड ऐकू यायचा.

"मॅडमले विचारलं का?" सत्यभामानं एकदाच म्हटलं होतं.

"सावलीतच तं हाय ती."

"तरी विचारा."

त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मॅडम काय म्हणाल्या असत्या, हे त्याला आत कुठंतरी माहीत होतं. भर दुपारी त्या जाळीतून ऊन चाळणीतल्या पिठासारखं खाली झरायचं. पानांवर, मातीवर, पोरीच्या बाहीवर त्याचे बारीक दाणे हलायचे. ते त्यानं पाहिलं होतं आणि मान दुसरीकडं वळवली होती.

बाकावरून उठताना तो अर्पिताला म्हणाला, "पाणी पिऊन येतो." पाण्याच्या टाकीपर्यंत गेला, पेला भरला आणि न पिताच ठेवून दिला. मग मागच्या बाजूनं वळून तो मॅडमच्या दारात जाऊन उभा राहिला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. ते त्याला जड गेलं.

"दुपारी किती वेळ असायची?"

त्यानं सांगितलं.

"ती जाळी पिकासाठी असते हो. माणसाच्या कातडीसाठी नाही."

"मॅडम, मंग हे जे वाढलं, ते माह्याच्यानंच वाढलं न?"

त्यांनी चष्मा हातात घेतला, पुन्हा ठेवला. "उन्हानं आजार उठतो हे खरं. तुमच्या मुलीचा त्यानंच उठला का, की तो उठणारच होता, हे मला या कागदावरून सांगता येत नाही. किती पेटलंय एवढं दिसतं. कशानं पेटलं ते दिसत नाही."

"आता ऊन बंद केलं, आजपासून, तं सलाइन टळंन का?"

"नाही. लघवीत प्रथिनं गेली म्हणजे किडनीपर्यंत पोचलंय. औषध द्यावंच लागेल. पण तुम्ही सांगितलंत ते बरं केलं."

तो बाहेर आला तेव्हा अर्पिता त्या टाकीकडंच बघत होती. मग तिनं बाप कुठल्या दारातून आला ते पाहिलं. कोपरातला कापूस काढून तिनं शेजारच्या डब्यात टाकला आणि ओढणी डोक्यावरून पुढं घेतली.

परतीच्या एसटीत ती एका म्हाताऱ्या बाईशेजारी जाऊन बसली. मागं दोघांना पुरेल अशी सीट रिकामी होती. हिंमतराव त्या सीटवर एकटाच बसून चिखलीपर्यंत आला.

रात्रीच्या जेवणाआधी सत्यभामानं पोरीला मोरीत बसवलं, पिकलेला टोमॅटो कापून त्याचा आंबट रस तिच्या बोटांवर चोळला. टोमॅटोचा डाग टोमॅटोनंच निघतो. हिरवं पाणी मोरीतून वाहत गेलं. हिंमतरावाला वाटलं, आता ही मला बोलेल. तरी म्हटलं होतं, म्हणेल. पोरीची बोटं पदरानं पुसून तिनं ती एकदा आपल्या गालाला लावली आणि भाकरी थापायला बसली.

पीक अजून उभं होतं तरी आठवड्याभरात त्यानं जाकीरला बोलावलं.

"काढून टाक."

"अबे, फळं धरली हायेत. दीड महिना थांब न."

"काढ."

जाकीरनं पुढं वाद घातला नाही. जाळी सोडली, गुंडाळी केली, पाइप उपटून टेम्पोत भरले. उघड्यावर पडलेली झाडं वैशाखाच्या उन्हात दोन दिवसांत माना टाकून बसली. अर्पिता घरातच होती. तिनं दाराबाहेर येऊन पाहिलं नाही.

मग महिन्यामागून महिना सलाइनच्या खेपा सुरू झाल्या. पहिल्या खेपेनंतर ती घरी येईपर्यंत ओकत होती. श्रावणात केस जायला लागले. सत्यभामा तिच्या उशीवरचे केस ती उठायच्या आत वेचून ठेवायची. महामाया नावाची तिची वर्गमैत्रीण शाळेतला अभ्यास घेऊन यायची, तोंडाला रुमाल बांधून दाराशी बसायची. तिच्याशी अर्पिता हळू आवाजात बोलायची. आईशी बोलायची. जाकीर आला तर त्यालाही, काका बसा, म्हणायची. बापाशी मात्र कामापुरतं. पाणी द्या. गाडी आली. गोळी घेतली.

हिंमतरावानं ते स्वीकारलं. रुसायला पोरगी घरात आहे, हेच पुष्कळ, असं तो मनाशी म्हणायचा. एकदा त्यानं मिरचीच्या रोपांचा ट्रे आणून तिच्या पलंगाशेजारी ठेवला. तिनं तो दोन दिवस तसाच राहू दिला आणि तिसऱ्या दिवशी आईला सांगितलं, "याले बाहेर ठेव. मरतीन इथं."

दिवाळीच्या तोंडावर रिपोर्ट चांगला आला. सी-थ्री नेमक्या हद्दीत. डीएनएवालं निम्म्यावर. लघवी जवळजवळ स्वच्छ. मॅडम चष्मा न काढता हसल्या. घरी आल्यावर सत्यभामानं ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली, पदर तोंडाला लावून. त्या दिवाळीत हिंमतरावाच्या घरी शेव झाली, चकल्या झाल्या.

त्यानं मनातल्या मनात त्याचा अर्थ लावला होता. जाळी होती, तोवर आकडे बिघडले. जाळी गेली, आकडे सुधारले. सलाइननं काम केलं हे त्याला कळत होतं; पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं. चूक आपली होती, ती आपण उपटून टेम्पोत घालून पाठवून दिली, आता ते कुत्रं दाराशी निजलं आहे. शेतात हरभरा उगवत होता. पहाटे पाणी धरताना कधी कधी त्याला बरं वाटायचं. अपराध केलेल्या आणि तो फेडलेल्या माणसाला वाटतं तसं.

पौषात सत्यभामाच्या लक्षात आलं की पोरीचे मोजे काढल्यावर घोट्यावर त्यांची खूण खोल उमटते आहे आणि बराच वेळ जात नाही. तिनं घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. तिनं नवऱ्याला हाक मारली नाही. तो शेतातून येईपर्यंत ती पोरीचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिली.

दुसऱ्याच दिवशी बाप-लेक संभाजीनगरला गेले. रक्त दिलं, लघवी दिली, दुपारपर्यंत बसले. मॅडमनी कागद वाचला, मागच्या खेपेचा काढून शेजारी ठेवला, पुन्हा वाचला. मग चष्मा काढला.

सी-थ्री उन्हाळ्यात गेलं होतं त्याच्याही खाली गेलं होतं. सी-फोर तर मोजता येईल न येईल इतकं. डीएनएवाला आकडा चढला होता. लघवीत प्रथिनांबरोबर रक्तही होतं.

"ऊन?" मॅडमनी विचारलं.

"उन्हात पाऊल नाई मॅडम," हिंमतराव म्हणाला. "शाळाबी बंद केली होती थंडीत. दाराले दुहेरी पडदा हाय."

"गोळ्या?"

"तिची आई समोर बसून देते."

"मध्ये ताप, खोकला? कुठली बाहेरची औषधं, झाडपाला?"

"काहीच नाई."

मॅडमनी अर्पिताकडं पाहिलं. अर्पितानं मान हलवली. मॅडमनी कागद बाजूला ठेवला.

"ठीक आहे. मग आपण दुसरं औषध सुरू करू. पुढच्या आठवड्यात भरती व्हा, किडनीचा तुकडा परत तपासू. किडन्या किती साथ देतील ते मी आत्ता सांगत नाही. पाहू."

हिंमतराव उठला नाही. त्यानं दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरल्या होत्या.

"मॅडम, आमचं काही तरी चुकलं असंन. तुमी विचारा न अजून."

"काय विचारू?"

"काहीबी. दिवाळीत शेजारी फटाक्याचा धूर झाला होता. आन् तिच्या मामाच्या घरी नेलं होतं एक दिवस जीपमधी. काच उघडी होती. म्या उघडली होती."

"नाही हो. त्यानं नाही होत."

"वावरातून आलो का म्या तसाच जवळ बसतो तिच्या. फवारणीचे कपडे..."

"अर्पिताचे बाबा." मॅडमचा आवाज मऊ होता. "तुमचं काहीच चुकलेलं नाही. हा आजार असाही उठतो. सगळं नीट केलं तरी उठतो. कारण नसतं."

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. हिंमतराव मॅडमच्या तोंडाकडं बघत राहिला. उन्हाळ्यात त्याच दाराशी त्यानं आपला अपराध सांगितला होता. तेव्हा जमीन पायाखाली होती. काय उपटायचं ते ठाऊक होतं. आता त्यानं पुन्हा जीपच्या काचेपासूनच सांगायला सुरुवात केली. मॅडम उठून टेबलाच्या अलीकडं आल्या. पण त्यांच्या आधी अर्पितानं त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"चला बाबा," ती म्हणाली. "गाडी जाईन."

स्टँडवर चिखलीची एसटी लागलेली होती. तो आधी चढला, मागच्या दोघांच्या सीटपाशी थांबला आणि सवयीनं आत सरकून खिडकीकडं बसला, ऊन आपल्या अंगावर यावं म्हणून. ती पुढं जाईल असं त्याला वाटलं. ती त्याच्याशेजारी बसली.

गाडी शहराबाहेर पडली. तशी ती म्हणाली, "घरात बसूनबी वाढलंच न."

"हाव."

"मंग मी कायले बसली?"



"मले नाई माहीत, माय," तो म्हणाला.

तिनं त्यावर विचार केल्यासारखं केलं. "मले वाटे, तुमी सांगतलं म्हणून झालं सगळं," ती म्हणाली. "सलाइन, केसं, सगळं. मंग वाटे, नाई, मीच गेली नसती तं झालं नसतं. दोन्ही वाटे."

"आन् आता?"

"आता काय. काहीच नाई वाटत." तिनं पायाकडं पाहिलं. "बाबा, त्या दिवशी आपले टमाटे कोणी नेले का सगळे वाळले?"

"अंबूबाईनं नेले थोडे. चटणी केली म्हणे."

"बियाण्याच्या टमाट्याची चटणी!" ती हसली. खरोखर हसली. "अंबूबाईबी न."

आणि ती बोलायला लागली. जालना येईपर्यंत बोलली, जालन्याच्या स्टँडवर गाडी थांबली होती तेव्हा बोलली, देऊळगावराजा मागं पडलं तरी बोलत होती. भूगोलाच्या बाईंनी वर्गात नकाशा उलटा टांगला होता आणि तास संपेपर्यंत कुणी सांगितलंच नाही. महामायाच्या भावानं मोबाइल हौदात पाडला आणि तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला, तो आईनं तांदळासोबत पाखडला. सलाइनच्या वॉर्डात एक सिस्टर होती, ती सुई टोचताना स्वतःच डोळे मिटायची. कित्येक महिन्यांचं साचलेलं होतं. हिंमतराव ऐकत होता. मध्येच हो म्हणत होता, मंग, म्हणत होता, तिनं थांबू नये म्हणून. उन्हं उतरली, खिडकीतून गार वारा यायला लागला तशी त्यानं काच लावून घेतली, तिचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. चिखली जवळ येऊ नये असं त्याला वाटत होतं. आणि तेवढ्यात खिशातला घडी केलेला कागद मांडीला टोचायचा. आज आपण कशावर खूश होऊन बसलो आहोत, असं मनात येऊन त्याचे कान तापायचे.

चिखलीत गाडी बदलून ते उंद्रीत उतरले तेव्हा दिवस मावळला होता. दिवसा तिच्या डोक्यावर धरायच्या छत्रीचं आता कारण नव्हतं. सुजलेल्या पायांनी अर्पिता सावकाश चालत होती, पण तोंड चालूच होतं. महामायाच्या बकरीची गोष्ट तिनं शेवटी ठेवली होती.

"मी तिच्या घरी गेली होती न, दसऱ्याच्या दिवशी, संध्याकाळी, तं मी बसली खाटेवर. मांगून ती बकरी आली आन् माह्या डोक्याचा रुमाल खाऊन राह्यली. मले माहीतच नाई! महामाया वरडली, तवा मी डोक्याले हात लावला, तं अर्धा रुमाल बकरीच्या तोंडात. मी इकडून ओढू, ती तिकडून ओढे. आन् टक्कल पाहून ती बकरी अशी दचकली बाबा, का रुमाल टाकून पळाली!"

हिंमतरावाला हसू फुटलं. आवरता आलं नाही. तो गल्लीतच थांबला, भिंतीला हात टेकला आणि हसत राहिला. ती बकरीसारखी मान करून दाखवत होती.

घराचं दार उघडलं. सत्यभामा बाहेर आली, कोपरापर्यंत पीठ लागलेले हात तसेच. सकाळपासून कान रस्त्याकडं लागलेल्या बाईनं गल्लीच्या तोंडाशीच त्यांचा आवाज ओळखला होता. तिनं आधी पोरीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. दोघांना एकत्र हसताना तिनं केव्हापासून पाहिलं नव्हतं. तिचा ओढलेला चेहरा बघता बघता सैल झाला. डोळे भरून आले.

"बाई बाई," ती म्हणाली. "मले वाटलंच होतं. सुजेचं काही नसंन, थंडीनं झालं असंन. थांबा, तिथंच थांबा. आधी देवापुढं साखर ठेवते. जाकीरभाऊबी दोनदा येऊन गेले विचारायले, त्याईलेबी सांगा लागंन."

"अवं," हिंमतराव म्हणाला.

पण ती वळली होती. आत डबा उघडल्याचा आवाज आला, मग देव्हाऱ्यातली घंटी.

हिंमतरावाचा हात खिशातल्या कागदाकडं गेला. अर्पितानं तो धरला आणि खाली केला. तिची बोटं गार होती.

"जेवण होऊ द्या बाबा," ती हळूच म्हणाली. "तिनं सकाळपासून काही खाल्लं नसंन. मंग सांगू."

तिनं ओट्यावर बसून चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं आणि आत जाता जाता महामायाच्या बकरीची गोष्ट आईला पहिल्यापासून सांगायला घेतली.